उपाशीपोटीचा गुरुवार

गुरुवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी गोपिका खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसायच्या ऐवजी बाजूला कोसळली. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. आरोग्य केंद्रामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा पंधरा-सोळा बाया होत्या. सगळ्यांनाच घाम आलेला होता आणि सगळ्यांचेच पाय थरथरत होते, कारण व्यायामच तसा होता. हात छातीशी बांधायचे, खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. गोपिकेचा घाम वेगळा आहे, तिची थरथर वेगळी आहे, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. समोर उभी राहून मोजणाऱ्या वेदिका पोतनीसच्याही नाही.

परिचारिका हर्षा मशीन घेऊन धावत आली. बोटातून रक्ताचा थेंब घेतला. मशीनवर चौतीस आकडा आला. मधुमेहाच्या बाईची साखर एवढी खाली गेलेली हर्षाने नोकरीत पाहिली नव्हती. तिने शिरेतून ग्लुकोज दिलं, वेदिकाने जखमेवर कापड दाबून धरलं. अॅम्ब्युलन्स अमरावती रोडवरच्या ट्रकांमध्ये अडकली होती. ती येईपर्यंत गोपिकेने एकदा डोळे उघडले, आणि अॅम्ब्युलन्समध्ये तिला फिट आली.

हे केंद्र वाडी या उपनगरातल्या गोदामांच्या मागे, गोपाळ ले-आउटमध्ये आहे. वेदिका तिथे नऊ महिन्यांपूर्वी रुजू झाली. पदाचं नाव व्यायाम मार्गदर्शक. सरकारी दवाखान्यात गोळी देणारा माणूस असतो, सुई देणारा असतो, तसा व्यायाम करवून घेणारा शिकलेला माणूसही असावा, अशा विचाराने काही मोजक्या केंद्रांत प्रयोग म्हणून ही पदं भरली होती. मुदत एका वर्षाची. वर्षाअखेरीस प्रयोग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे एका गोष्टीवरून ठरणार होतं. व्यायामाला येणाऱ्या रुग्णांची उपाशीपोटीची साखर उतरली पाहिजे. गुडघा किती वाकतो, जिना चढताना दम लागतो का, हे कोणी विचारणार नव्हतं.

वेदिकाने शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी घेतली होती आणि त्याआधी धरमपेठेतल्या एका जिममध्ये चार वर्षं काढली होती. तिथे लोक कारने येत आणि फिरत्या पट्ट्यावर चालून कारने परत जात. वाडीत पहिले दोन आठवडे कोणीच आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पुष्पलता आली, तीही भांडायला.

"मॅडम, पहाटपासून धुणं, भांडी, मंग दिवसभर गोदामात उभ्यानं पाकिटं छाटणं. हे कायचं वं आणखी? आमी का बसून बसून फुगून राहिलो?"

"हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा," वेदिका म्हणाली.

पुष्पलता उठायला गेली आणि परत खुर्चीत पडली. दुसऱ्यांदाही पडली. औषधाच्या रांगेतल्या बाया हसल्या. मग त्यांतल्या एकीला वाटलं आपल्याला जमेल, तिलाही जमलं नाही. वर्ग असा सुरू झाला.

वेदिकाने सुरुवातीला सतरंज्या अंथरल्या होत्या. पंखा उत्तरेच्या भिंतीवर होता, म्हणून डोकी तिकडे आणि पाय दक्षिणेला. एकही बाई आडवी झाली नाही. "मॅडम, दक्षिणेकडे पाय करून मले काहून झोपवता?" पुष्पलता म्हणाली, "मी अजून जित्ती आहो ना!" सतरंज्या फिरवल्या तरी साडी नेसून पुरुषांच्या रांगेसमोर आडवं पडायला कोणी तयार होईना. वेदिकाने सतरंज्या गुंडाळून ठेवल्या आणि सगळा व्यायाम खुर्च्यांवर आणला. वजनं म्हणून सिमेंटच्या पोत्यांच्या कापडात वाळू शिवली.

गोपिका दुसऱ्या महिन्यात आली. माहेर नरखेड तालुक्यातलं, नवरा वारलेला, मुलगा पियुष डिलिव्हरीचा टेम्पो चालवतो. एसटीची पायरी चढता येत नाही म्हणून ती तीन वर्षं माहेरी गेली नव्हती. एकदा कंडक्टरने मागून ढकललं, त्याची लाज तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होती. वेदिकाने तिला विटांवर चढायला लावलं. आधी एक वीट, मग दोन, मग एसटीच्या पायरीएवढी उंची. दिवाळीनंतर गोपिका एकटी जाऊन आली. येताना भावाच्या बगीच्यातल्या मोसंब्यांची पिशवी आणली. साखरेचे रुग्ण, म्हणून वेदिकाने प्रत्येकीला दोन-दोन फोडींची परवानगी दिली. "एवढी चिंगूस मास्तरीण पाहली नाही बाप्पा," गोपिका म्हणाली होती.

महिन्यातला एक गुरुवार तपासणीचा. रक्त उपाशीपोटी द्यावं लागतं आणि रक्त घेणारा माणूस नऊला येतो. त्या दिवशी वर्ग नसला तर नुसतं रक्त द्यायला बाया यायच्या नाहीत. त्यासाठी गोदामाचा अर्धा खाडा परवडायचा नाही. म्हणून वेदिकानेच डॉक्टरांना सुचवलं की त्या दिवशीही सातला वर्ग घेऊ, हलका घेऊ, मग बाया रक्त देतील आणि डबा खाऊन कामाला जातील. डॉक्टर कृष्णकांत बारापात्रे यांनी होकार दिला. त्या सकाळी गोळी घ्यायची नाही, सोबत आणायची, रक्त देऊन खाल्ल्यावर घ्यायची, हे वेदिका आदल्या दिवशी प्रत्येकीला सांगत असे. बाया एका सुरात "हाव मॅडम" म्हणत.

साखर उतरली. पहिल्या तीन महिन्यांतच उतरली. डॉक्टरांनी भिंतीवर आलेख लावला. तो बघायला मुख्यालयातून माणसं आली, आलेखासमोर उभं राहून त्यांनी फोटो काढले, आणि जिल्ह्याच्या बैठकीत डॉक्टर बारापात्रे यांनी तोच आलेख पडद्यावर दाखवला.

गोपिका पडली त्या दिवशी अकरा वाजता पियुष केंद्रात आला. मोबाइल हातात धरून, चित्रण चालू ठेवूनच आत शिरला.

"ओ मॅडम, माही माय शुगरची पेशंट हाय का पोलीस भरतीले आली? उपाशी बाईले उठाबशा काढवता?"

वेदिका म्हणाली, "चूक झाली असेल तर मी..."

"असंन? टाके पडले तिले! असंन म्हणे!"

संध्याकाळपर्यंत ते चित्रण वाडीभर पोहोचलं. शुक्रवारी सकाळी शेडला कुलूप लागलं आणि वेदिकाला खुलासा मागणारं पत्र मिळालं. रिकाम्या पोटी व्यायाम का घेतला, कोणाच्या परवानगीने घेतला. परवानगी तोंडी होती. डॉक्टर म्हणाले, असं काही बोलणं झाल्याचं त्यांना आठवत नाही, झालं असेलही.

रिकाम्या पोटी वर्ग घ्यायची कल्पना आपली होती, हे वेदिकाने स्वतःशी मान्य केलं होतं. पण चौतीसचा आकडा तिला पटत नव्हता. गोळी न घेतलेल्या बाईची साखर वीस मिनिटांच्या व्यायामाने एवढी उतरत नाही. शिवाय मोठ्या सरकारी रुग्णालयातून हर्षाला कळलं होतं की ग्लुकोज चालू असूनही गुरुवारी संध्याकाळी गोपिकेची साखर पुन्हा पडली, आणि तिथल्या डॉक्टरांना त्याचं कारण सापडत नव्हतं.

ते कारण शुक्रवारी सकाळी कुलूपबंद शेडसमोर सापडलं. सवयीने चार-पाच बाया आल्या होत्या. पुष्पलता वेदिकाला भिंतीच्या कडेला घेऊन गेली.

"मॅडम, तुमी टेन्शन घेऊन राहिल्या ना? घेऊ नका. तुमच्या व्यायामानं नाही झालं ते. गोपिकानं या बारी तीन घेतल्या."

"तीन काय?"

"गोळ्या. आमी दोन-दोनच घेतो. तिचा मागचा रिपोर्ट जरा वर आलता, म्हणून तिनं तीन घेतल्या. मी म्हटलं होतं तिले, दोन पुरे."

 पुष्पलताला वाटलं मॅडमला नीट कळलं नाही, म्हणून तिने आणखी खुलासा केला.

"तपासणीच्या दिवशी पहाटे घ्याच्या. मंग रिपोर्ट चांगला येते. हर्षा सिस्टरनं सांगतलं होतं ना, रिपोर्ट नाही उतरला तर मॅडमची नोकरी जाते, वर्ग बंद होते. आमी काही येड्या नाही. परीक्षेच्या दिवशी पोरं नाही का रट्टा मारून येत?"

"आणि या जास्तीच्या गोळ्या येतात कुठून?"

"बाकीच्या दिवशी वाचवतो ना. बरं वाटलं की राहू द्याची. महिन्याच्या महिन्याले चार-पाच जमतेच."

"सगळ्या करता असं?"

"भागीरथाबाई नाही करत. तिले विसर पडते." पुष्पलता हसली. "तिचाच रिपोर्ट खराब हाय, पाहा तुमी."

हर्षाने ते खरंच सांगितलं होतं, पण वेगळ्या अर्थाने. बायांनी वर्ग बुडवू नये म्हणून धाक घातला होता. गोळीचा विचार तिच्या डोक्यातही नव्हता. वेदिकाने विचारल्यावर हर्षा रडली आणि म्हणाली, "माझं नाव नका घेऊ मॅडम, मी पण कंत्राटीच आहे."

वेदिका तिथूनच ऑटोने रुग्णालयात गेली. गोपिकेवर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरला तिने तीन गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मग बरोबर. ही गोळी दोन-दोन दिवस साखर पाडत राहते." त्याने तसं केसपेपरवर लिहिलं आणि ग्लुकोज वाढवायला सांगितलं. दाराशी उभा असलेला पियुष हे ऐकत होता.

"वा मॅडम. आता मायच दोषी काय?"

"पियुष, हे त्यांच्या उपचारासाठी सांगणं भाग होतं."

"समजते ना मले कायच्यासाठी हाय ते."

शनिवारी गोपिका पूर्ण शुद्धीवर आली. डॉक्टरने विचारलं तेव्हा तिने सांगितलं की गोळी घेतलीच नव्हती. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पदराच्या गाठीला बांधून आणली होती, पडली तेव्हा कुठे हरवली असेल. वेदिका भेटायला गेली त्या वेळी पियुष चहा आणायला खाली गेला होता. डोक्याला पट्टी, एका हाताला सलाइन. गोपिकेने दुसऱ्या हाताने तिला जवळ बोलावलं.

"मॅडम, मी काही सांगतलं नाही बरं. तुमी भिऊ नका."

"गोपिकाताई, खरं सांगा. माझं काही होणार नाही."

"होते ना काहून नाही? रिपोर्ट खोटा म्हणतीन. तुमाले काढतीन." तिने पांघरुणाखाली पाय हलवून पाहिले. "मले चैतात जाचं हाय माहेरी. वर्ग बंद झाला तर पाय पुन्हा धरून बसतीन."

वेदिकाने तिला दोनदा समजावलं. गोपिका दोन्ही वेळा "हाव मॅडम" म्हणाली.

डॉक्टर बारापात्रे यांनी रविवारी फोन करून वेदिकाला केंद्रात बोलावलं. दवाखाना बंद होता. ते आलेखाकडे पाठ करून बसले होते.

"मॅडम, तुम्ही हॉस्पिटलमध्ये काय सांगून आल्या?"

"पुष्पलताताईंनी जे सांगितलं ते."

"लेखी आहे काही?"

"माझ्या तोंडावर सांगितलं त्यांनी."

"माझ्या तोंडावर नाही सांगितलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बघा, उद्या चौकशी समिती आहे. रिकाम्या पोटी व्यायाम झाला, चूक झाली, पुढे होणार नाही, एवढं लिहिलं तर तुम्हाला ताकीद मिळेल. फार तर तुमची मुदत वाढणार नाही. पण प्रयोग राहील, दुसरं कोणी येईल. तुम्ही गोळ्यांचं लिहिलं तर आलेख खोटा. मग बाकीच्या केंद्रांचे पण आलेख तपासतील. पदच राहणार नाही, कोणासाठीच."

"आणि बायांनी पुढच्या महिन्यात पुन्हा दोन गोळ्या घेतल्या तर?"

"मी सूचना लावतो ना."

"सर, त्या खरंच सुधारल्या आहेत. आलेख सोडा. कोण जिना चढते, कोण खाली बसून उठते, ते बघा की."

"ते मोजायला सांगितलं नव्हतं, मॅडम."

"म्हणजे तुम्हाला माहीत होऊनही..."

"मला अजून काहीही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "तेच तर सांगून राहिलो तुम्हाला."

सोमवारी समिती बसली. तिघं होते. वेदिकाने लिहून दिलं की रिकाम्या पोटी वर्ग ठेवण्याची कल्पना तिची होती आणि ती चूक होती. त्याखाली लिहिलं की तपासणीच्या दिवशी बाया जास्त गोळ्या घेतात, त्यामुळे साखरेचे आकडे धरू नयेत, आणि ही सवय ताबडतोब थांबवली नाही तर आणखी कोणीतरी पडेल. हर्षाचं नाव तिने लिहिलं नाही.

मग बायांना एकेक करून आत बोलावलं. वेदिका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती.

"तपासणीच्या दिवशी किती गोळ्या घेता?" अध्यक्षांनी पुष्पलताला विचारलं.

"एकबी नाही साहेब. मॅडमनं मना केलं हाय."

"मॅडमच म्हणतात, तुम्ही दोन घेता."

पुष्पलताने वेदिकाकडे पाहिलं आणि हलकेच डोळा मिचकावला. मुलाखतीला घाबरलेल्या पोरीला मोठ्या बहिणीने धीर द्यावा तसा. "मॅडमचं मन लय साफ हाय साहेब," ती म्हणाली. "आमच्यावर जीव हाय तिचा. कोणी काही सांगतलं असंन तिले."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं, जवळपास त्याच शब्दांत. गोपिकेला रविवारी घरी सोडलं होतं आणि त्या संध्याकाळी सगळ्या तिच्याकडे जमल्या होत्या, हे नंतर कळलं. भागीरथाबाई तेवढी म्हणाली, "गोळी? मले आठोत नाही बापा." समितीतल्या एका सदस्याने शेवटी वेदिकाकडे वळून विचारलं, "स्वतःच्या चुकीचं खापर अडाणी बायांवर फोडताना तुम्हाला काही वाटत नाही का?"

 तिच्या उत्तराला समितीच्या कागदावर जागा नव्हती.

समितीने दोन गोष्टी ठरवल्या. चौकशी पूर्ण होईपर्यंत वेदिकाने रुग्णांशी संपर्क ठेवू नये. आणि आकड्यांबद्दल शंका आलीच आहे तर सगळ्या बायांची उपाशीपोटीची साखर पुन्हा तपासावी, समितीच्या डोळ्यांसमोर, येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता. आकडे आधीसारखेच आले तर वेदिकाचा आरोप खोटा आणि प्रयोग यशस्वी धरायचा. वाढलेले आले तर प्रयोग बंद.

मंगळवारी केंद्राच्या दारावर सूचना लागली: "गुरुवारी उपाशीपोटी यावे." वेदिकाने डॉक्टरांना फोन करून विचारलं की गोळीचं का लिहिलं नाही. ते म्हणाले, जे घडतच नाही त्याची मनाई कशी लिहायची.

बुधवारी दुपारी संपर्काची मनाई असताना ती गोपाळ ले-आउटमध्ये गेली. दाराशी, हातपंपाशी, गोदामाच्या फाटकाशी, जिथे जी भेटली तिथे तिला सांगितलं की उद्या सकाळी एकही गोळी घ्यायची नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही. प्रत्येकीने "हाव मॅडम" म्हटलं. पुष्पलता सगळ्यांत शेवटी भेटली. वाल सोलत बसली होती.

"शपथ घ्या," वेदिका म्हणाली.

"अवं पोरी, तू काहून एवढी घाबरून राहिली?" पुष्पलताने पहिल्यांदाच तिला अगंतुगं केलं. "उद्या तर व्यायामबी नाही. नुसतं बसून राहाचं हाय. बसल्या जागी कोणी पडते का?"

"पडतं. पुष्पलताताई, पडतं. मरतं पण."

"बरं बरं. नाही घेत."

"गोळ्यांची पाकिटं माझ्याजवळ द्या."

"कुठी ठेवली आता मले आठोत नाही," पुष्पलता म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

वेदिका परत निघाली तेव्हा कोपऱ्यावर पियुषचा टेम्पो उभा होता. त्याने मोबाइल वर धरला.

संध्याकाळी साडेपाचला समितीकडे तक्रार पोहोचली की व्यायाम मार्गदर्शक घरोघर फिरून रुग्णांवर दबाव आणत आहेत. सव्वासहाला वेदिकाने ग्लुकोज पावडरचे दहा डबे केंद्रात नेऊन हर्षाच्या हातात दिले आणि ते उद्या बाहेर टेबलावर ठेवायला सांगितलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर ठेवता येणार नाहीत, असं हर्षा म्हणाली आणि तिने ते कपाटात ठेवून कुलूप दाबलं. कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे असते. समिती सातला येणार आहे. डॉक्टर नेहमीप्रमाणे साडेआठला येतात.